साथ श्रावणातली, वाद ऑक्टोबरचा

दर पावसाळ्यात हा वाद ठरल्या वेळी उगवतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फ्लूच्या लसीच्या शिबिराचा फलक टाकतं, माणशी दीड-दोन हजार रुपये. लगेच एक जण लिहितो, ‘मागच्या वर्षी घेतली होती, तरी आठ दिवस तापाने फणफणलो.’ दुसऱ्याच्या मते हा निव्वळ कंपन्यांचा धंदा. तिसरा अमेरिकेतल्या मुलाचा हवाला देतो: तिकडे ऑक्टोबर आला की झाडून सगळे घेतात, औषधाच्या दुकानातसुद्धा टोचून मिळते. मग करोनाच्या लसीवरून राहिलेली उणीदुणी निघतात आणि फ्लू कोपऱ्यात बसून राहतो. या सगळ्या हमरीतुमरीत दोन साधे प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ही लस नेमकी कुणाला द्यायची? आणि कोणत्या महिन्यात?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक धडधाकट माणसाने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, असा आग्रह धरण्याइतका पुरावा नाही. पण गरोदर बाया, पासष्टी ओलांडलेली माणसं, मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण, सहा महिने ते पाच वर्षांची मुलं आणि दवाखान्यांतले कर्मचारी यांना ती मे महिन्यात, मृग लागायच्या आत मिळाली पाहिजे. ज्यांच्या खिशाला झेपत नाही, त्यांना सरकारी खर्चाने. ‘थोतांड’ म्हणणारे आणि ‘सगळ्यांनी घ्या’ म्हणणारे, दोघेही लसीला एकाच मापाने मोजतात: मला ताप आला की नाही आला. ते माप चुकीचं आहे. आणि दोघांच्याही डोक्यातलं कॅलेंडर परदेशी आहे.

आधी कॅलेंडर. युरोप-अमेरिकेत फ्लू हा हिवाळ्याचा आजार, म्हणून तिथे लस ऑक्टोबरात. आपल्याकडे काश्मीर आणि लडाखमध्ये साधारण तसंच चित्र दिसतं, जानेवारी ते मार्च. पण पुणे-मुंबईसकट देशाच्या बहुतेक भागांत फ्लूचं मुख्य शिखर पावसाबरोबर येतं, जुलै ते सप्टेंबर. २००९ ची स्वाइन फ्लूची साथ आठवून पाहा. देशातला पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्टला झाला आणि पुढचे काही आठवडे शहरात मास्क मिळेनासे झाले. म्हणजे नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण फ्लूच्या हिशेबात दक्षिण गोलार्धाच्या पंगतीला. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू घालायचे ते वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तरेच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेच्या हिवाळ्यासाठी. बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून बनते. त्यात सहा महिने सहज जातात, म्हणून सप्टेंबरात ठरलेली लस आपल्या बाजारात एप्रिल-मेमध्ये पोचते. आपल्या पावसाळ्यासाठी तीच सगळ्यांत ताजी. मे महिन्यात दुकानदार गेल्या हिवाळ्याचा उरलेला साठा पुढे करू शकतो, तेव्हा खोक्यावरचा गोलार्ध आणि वर्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मुदत संपलेली नसते, डोस खराबही नसतो. फक्त तो वेगळ्या मोसमासाठी बेतलेला असतो.

आता वेळेचा हिशेब. दंडावर टोचल्यापासून पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. चार-सहा महिन्यांनंतर संरक्षण उतरू लागतं आणि म्हाताऱ्या माणसांत ते आणखी लवकर उतरतं. अमेरिकेची बातमी वाचून ज्याने पुण्यात ऑक्टोबरात लस घेतली, त्याच्यासाठी पुढचा ऑगस्ट उजाडतो तेव्हा लस दहा महिन्यांची जुनी झालेली असते. तो आजारी पडला की ग्रुपवर लिहितो, ‘घेऊनही झाला.’ खरंच आहे त्याचं. पण पेरणी दिवाळीत करून श्रावणात पीक का नाही म्हणून बियाण्याला शिव्या देणारा शेतकरी आपण पाहिला आहे का?

इथे एक कबुली द्यायला हवी. विषाणू पंचांग पाहून येत नाही. २०१५ ची मोठी साथ पावसाळ्यात न येता जानेवारी ते मार्चमध्ये उसळली. त्या वर्षी देशात स्वाइन फ्लूच्या एच१एन१ विषाणूचे ४२,५९२ रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० माणसं दगावली. २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या प्रकाराची धास्ती मार्चमध्ये पसरली. हिवाळ्याच्या अखेरीस येणारं हे दुसरं, बहुधा लहान शिखर आपल्याकडे आहेच. म्हणून ज्याला धोका जास्त आहे आणि ज्याचा मे चुकला आहे, त्याने पुढच्या मेपर्यंत वाट बघत बसू नये, मिळेल तेव्हा घ्यावी. पण वर्षातून एकच सुई मिळणार असेल, तर ती मुख्य शिखराच्या तोंडावर द्यायची की उतारावर?

दुसरा गोंधळ ‘फ्लू’ या शब्दाचाच. आपल्या बोलीत नाक गळलं की फ्लू, घसा धरला की व्हायरल, अंग मोडून आलं की पुन्हा फ्लू. प्रत्यक्षात सर्दी-पडसं आणि तापामागे ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही, अ‍ॅडेनोव्हायरस अशी मोठी बिरादरी असते. फ्लूची लस यांतल्या फक्त इन्फ्लुएन्झाच्या ठरावीक प्रकारांवर चालते. इतरांवर ती शून्य उपयोगाची आहे, आणि ही लसीची लबाडी नव्हे, तिच्या लेबलावरच तसं लिहिलेलं असतं. ‘लसीनेच ताप आला’ ही तक्रारही याच गोंधळातून येते. टोचायची लस मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते. तो विषाणू शरीरात वाढू शकत नाही, म्हणून तिच्यामुळे फ्लू होणं शक्य नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते. यापलीकडे जो खोकला-ताप येतो, तो एकतर दुसऱ्या कुणा विषाणूचा असतो किंवा पहिल्या दोन आठवड्यांत, लस लागू पडण्याआधी गाठलेल्या फ्लूचा. साथ सुरू झाल्यावर धावत जाऊन घेतलेल्या लसीबाबत हे फार घडतं. जाता जाता आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये वाहिन्यांनी एचएमपीव्ही नावाचा बागुलबुवा उभा केला. तो विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता, त्याच्याही आधीपासून जगभर फिरत होता, आणि त्याच्यावर लसही नाही. ज्याच्यावर लस आहे त्या फ्लूचं काय? २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वृद्धत्वाच्या मोठ्या पाहणीत पंचेचाळीशीच्या वरच्या लोकांपैकी जेमतेम दीड टक्का लोकांनी फ्लूची लस घेतल्याचं सांगितलं.

विरोधकांचे बळकट मुद्दे मात्र ‘कंपन्यांचा धंदा’ याहून खूप वरच्या दर्जाचे आहेत, आणि लसीचे कैवारी सहसा त्यांना टाळून पुढे जातात. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या. धडधाकट प्रौढांत एका मोसमात फ्लू होण्याचं प्रमाण लसीने २.३ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आलं. टक्क्यांची तुलना केली तर मोठी घट. पण दुसऱ्या बाजूने बघा: एका माणसाचा फ्लू टाळायला ७१ जणांना टोचावं लागतं. लसीतले विषाणू ठरून गेल्यावर बाहेरचा विषाणू रूप बदलतो तेव्हा तर लस जवळजवळ हात टेकते. अमेरिकेत २०१४-१५ च्या हिवाळ्यात तिची परिणामकारकता १९ टक्क्यांवर आली होती, एरवी जुळणी चांगली झाली तर ती ४० ते ६० असते. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मुलांना तीन वर्षं लस देऊन पाहिलं, तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या निकालांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. म्हणजे यंदाची लस किती चालेल हे मे महिन्यात कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

याहून टोचणारा आक्षेप म्हाताऱ्यांबद्दलचा. कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं की लस घेणाऱ्या वृद्धांत हिवाळ्यातले एकूण मृत्यू निम्म्याने घटतात. संशोधकांनी साधा हिशेब मांडला: हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंत फ्लूचा वाटाच सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. मग फ्लूची लस पन्नास टक्के मृत्यू कसे टाळणार? उत्तर असं, की लस घ्यायला जो आजोबा चालत दवाखान्यात जातो, तो मुळातच खाटेला खिळलेल्या आजोबांपेक्षा तब्येतीने बरा असतो. त्याचं जगणं लसीच्या खात्यावर जमा होत होतं. हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. लसीची जाहिरात करताना आजही तो जुना आकडा कुणी वापरत असेल, तर त्याला तिथेच थांबवायला हवं.

एवढं मान्य केल्यावर उरतं काय? बरंच उरतं, पण त्यासाठी माप बदलावं लागतं. समजा, लसीने इस्पितळात दाखल होण्याचा धोका निम्मा होतो. तिशीतल्या धडधाकट दहा हजारांपैकी एकालाच फ्लूमुळे खाट लागणार असेल, तर एक खाट वाचवायला वीस हजार जणांना टोचावं लागेल. हृदय कमकुवत असलेल्या सत्तरीच्या दर दोनशे माणसांत एकाला लागणार असेल, तर हेच काम चारशे डोसांत होतं. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण तर्क खरा आहे: लस तीच, कुपी तीच, परिणामकारकताही तीच, आणि मोल मात्र पन्नासपट. ‘फ्लूची लस उपयोगी आहे का?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. ‘छत्री उपयोगी आहे का?’ या प्रश्नालाही नाही. चेरापुंजीत राहता की जैसलमेरला, हे आधी कळायला हवं.

अर्धवट चालणाऱ्या लसीशी संसार करण्याची आपल्याला सवय नाही, असंही नाही. जन्मल्याबरोबर बाळाच्या डाव्या दंडावर दिली जाते ती बीसीजी घ्या. तेव्हाच्या मद्रासजवळच्या चिंगलपट भागात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर तिची चाचणी झाली, आणि मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती संरक्षण देत नाही असं दिसलं. मग ती बंद का केली नाही? कारण तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते, आणि त्या वयात तोच क्षय जीव घेतो. बीसीजी घेऊनही चाळिसाव्या वर्षी टीबी झाला म्हणून कुणी तिला थोतांड म्हणत नाही. तिचं काम काय, हे आपण ठरवून घेतलं आहे. फ्लूच्या लसीचं काम आपण अजून ठरवलेलंच नाही.

तर तिचं काम कुठे दिसतं? सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते हृदयाच्या रुग्णांत. फ्लू फुप्फुसात राहतो, पण त्याने अंगभर दाह उठतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, ठोके वाढतात, प्राणवायू कमी पडतो. हृदयाच्या आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला एवढं पुरतं. कॅनडातल्या ओंटारिओत प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट निघाला. ‘तापाचं निमित्त झालं आणि हार्टने गेले’ असं आपण तेराव्याला बोलतो, त्यातलं निमित्त हे असं असतं. आता वर आलेला आक्षेप इथे लावून बघू: लस घेणारे मुळात निरोगी होते का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटका नुकताच येऊन गेलेल्या २,५७१ रुग्णांना इस्पितळातच चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. एका गटाला लस, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कोण चालत आला, कोण जागरूक, याला जागाच नव्हती. वर्षभरात मिठाच्या पाण्याच्या गटात ४.९ टक्के दगावले, लसीच्या गटात २.९. दोन टक्क्यांचा फरक, म्हणजे सुमारे पन्नास सुयांमागे एक जीव. करोनामुळे ही चाचणी ठरल्याआधी थांबवावी लागली, तेव्हा आकडा थोडा खालीवर धरा. तरीही अँजिओप्लास्टी करून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हातात गोळ्यांची जी यादी पडते, तिच्यात या सुईला जागा नसावी, हे मला समजत नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे. क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडणाऱ्या देशात दरवर्षी बदलणाऱ्या लसीवर खर्च का? सरसकट सगळ्यांना द्यायची म्हटली तर हा आक्षेप निरुत्तर करतो, आणि म्हणूनच सरसकटचा हट्ट लसीचंच नुकसान करतो. निवडक गटांबाबत तसं नाही. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्राने गरोदर बाया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी दवाखान्यांतून ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. दिशा योग्यच होती. गाडी अडू शकते ती तारखांत. साथीच्या बातम्या आल्यावर खरेदीची फाइल हलली, तर कुप्या पोचतात तेव्हा शिखर ओसरत आलेलं असतं. वारीचंच उदाहरण घ्या. पालख्या आळंदी-देहूहून ज्येष्ठात निघतात आणि लाखोंच्या दाटीत वैद्यकीय पथकं तीन आठवडे राबतात. त्या पथकांना प्रस्थानाच्या किमान दोन आठवडे आधी लस मिळाली तर उपयोग. प्रस्थानाच्या दिवशी मंडपात टोचली, तर पंढरीची अर्धी वाट संपेपर्यंत ती नुसती दंडात दुखणार.

सुरक्षिततेबद्दलची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स छावणीत डुकरांच्या फ्लूशी नातं असलेला विषाणू सापडला आणि सरकारने चार कोटींहून अधिक लोकांना घाईने टोचलं. महासाथ आलीच नाही. गिलाँ-बारे नावाच्या पक्षाघाताचे मात्र लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण निघाले आणि डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. आजच्या लसींत हा धोका दहा लाखांमागे एक-दोन एवढा धरतात. खुद्द फ्लूनंतर तो आजार होण्याचा धोका याहून जास्त आहे. पण आपल्या मातीतला धडा वेगळा आहे. मुंबईत प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, पद गेलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, कारण दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्हता. गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला होता.

शंभराहून अधिक वर्षांनंतरही लस बिघडते ती बहुतेकदा शेवटच्या टप्प्यावरच. फ्लूची लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. घरगुती फ्रीजच्या दारात ती तापते, मागच्या भिंतीला टेकली तर गोठते. धनुर्वातासारखी तुरटी-क्षाराची लस गोठली की कुपी हलवून साका पाहता येतो. फ्लूच्या लसीत तो क्षार नसतो, त्यामुळे गोठून वाया गेलेला डोस दिसायला चांगल्यासारखाच दिसतो. ओळखायचा एकच मार्ग, थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळची नोंद. विदर्भातल्या मेच्या उन्हात शिबिर असेल तर उलटीच चूक होते: घाबरून बर्फाची पाकिटं फ्रीझरमधून काढून थेट डब्यात कोंबली जातात आणि बाहेर बेचाळीस अंश असताना आत लस गोठते. पाकीट हलवल्यावर पाणी खळखळू लागलं की मगच ते डब्यात घालायचं. सुई दंडाच्या जाड स्नायूत, खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली. वर टोचली तर सांधा महिनोन्‌महिने दुखतो आणि नाव लसीचं खराब होतं. टोचल्यावर पंधरा मिनिटं तरी बसवून ठेवायचं, आणि तीव्र ॲलर्जीवरचं ॲड्रेनालिन टेबलावर असल्याशिवाय शिबिर सुरूच करायचं नाही. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आईबाप एक देऊन मोकळे होतात आणि मूल अर्धंमुर्धं संरक्षण घेऊन शाळेत जातं.

राहता राहिलं सहा महिन्यांच्या आतलं बाळ. त्याला ही लस देताच येत नाही, आणि फ्लूने इस्पितळ गाठण्याचा धोका तर त्यालाच फार. त्याला वाचवायची वाट आईच्या दंडातून जाते. बांगलादेशात गरोदर बायांना लस दिली, तेव्हा त्यांच्या बाळांत पहिल्या सहा महिन्यांत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. ऑगस्टमध्ये, साथीच्या ऐन भरात, जिचं बाळंतपण आहे ती बाई मेमध्ये सहाव्या महिन्यात असते. त्या महिन्याच्या तपासणीला ती उपकेंद्रावर येतेच. तिथली ताई तिचं वजन करते, रक्तदाब बघते, टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) डोस राहिला असेल तर एका दंडावर देते. त्याच वेळी दुसऱ्या दंडावर अर्धा मिलिलिटर फ्लूची लस देता येते, वेगळी फेरी नको, वेगळं शिबिर नको. त्यासाठी कुपी मेच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या शीतकपाटात हवी, म्हणजे तिची मागणी त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत नोंदवलेली हवी.